गिझरचा काय दोष?



'गिझर बिघडला की दुरुस्तीच्या भानगडीत न पडता नवा घ्यावा' हे वाचकपत्र वाचले. पटले नाही. आमच्याकडे बोअरचे पाणी जड. तापले की त्यातले क्षार कॉइलवर थरावर थर बसतात, उष्णता अडते आणि कॉइल आतल्या आत तापून जळते. माझा गिझर मिस्त्रीने उघडला तेव्हा ओंजळभर पांढऱ्या खपल्या निघाल्या. मॅग्नेशियमचा रॉड तर पार झिजलेला. टाकी गंजू नये म्हणून हा रॉड स्वतः झिजतो. तो अधूनमधून बदलायचा असतो, हे दुकानदाराने मला तरी सांगितले नव्हते. कॉइल आणि रॉड नवे बसवले, गिझर सुरू!

पाणी कोमटच येते, ही तक्रार कधीकधी विजेचीही असते. २३० व्होल्टला २००० वॉटचा गिझर १८० व्होल्टला जेमतेम १२२५ वॉट देतो. मग नवा आणून तरी काय होणार? पत्रलेखकांनी एक मात्र लिहायला हवे होते: नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या तर आधी मेन स्विच बंद करा, मग अर्थिंग तपासून घ्या. तोवर आहेच आमचा आजीच्या वेळचा तांब्याचा बंब.

– एक वाचक, किन्हीराजा, जि. वाशीम