रांगेत पुढे कोण?

प्लेसमेंट झालेल्या सीनिअर मुलांचे फोन होस्टेलवर येतात. जावा मिळालेला पार्टी देतो. "अरे, मला मेनफ्रेमला टाकलंय" म्हणणाऱ्याचा आवाज मात्र असा, की जणू त्याची रवानगी अंदमानला झालीय! मित्रांनो, माझं मत थोडं वेगळं आहे. शेड्युलिंगचा जो धडा आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पुस्तकात अर्धवट सुटतो, तो पुढे मेनफ्रेमवर चालू राहतो.

आपण काय शिकतो? पी-१, पी-२, पी-३ अशा प्रोसेस, प्रत्येकीला प्रायॉरिटीचा एक आकडा. गँट चार्ट काढा, सरासरी वेटिंग टाइम काढा, मार्क घ्या. तो आकडा कुणी दिला आणि कशावरून दिला, हे ना पेपर सेट करणारे सर विचारत, ना आपण.

मेनफ्रेमवरही पूर्वी आकडेच भरायचे. १९९४ मध्ये आयबीएमने एमव्हीएसच्या ५.१ आवृत्तीत वर्कलोड मॅनेजर आणला आणि प्रश्नच बदलला. आता आकडा द्यायचा नाही, वचन लिहायचं. उदाहरणार्थ, 'या प्रकारच्या ट्रॅन्झॅक्शनपैकी ९० टक्के अर्ध्या सेकंदात संपली पाहिजेत.' जोडीला त्या वचनाचं महत्त्व, १ ते ५. साधारण दर दहा सेकंदांनी सिस्टिम हिशेब करते: कोणतं वचन पाळलं जातंय, कोणतं मोडतंय. मोडणाऱ्यांपैकी जे जास्त महत्त्वाचं, त्याला मदत मिळते. आणि ती मदत कुणाच्या तरी ताटातून काढून घेतली जाते.

डेटाबेस आला की खरी गंमत सुरू होते. मेनफ्रेमवरचा डीबी-२ एकटा नसतो. त्याचे स्वतःचे तीन-चार अ‍ॅड्रेस स्पेस असतात आणि त्याच्याकडे गिऱ्हाईकंही तऱ्हेतऱ्हेची: सीआयसीएसमधून येणारी बँकेची ऑनलाइन ट्रॅन्झॅक्शन, रात्रीच्या बॅच, आणि नेटवर्कवरून येणाऱ्या क्वेरी. यात सगळ्यांच्या वर कोण? आपण म्हणू, बँकेचं ट्रॅन्झॅक्शन. चूक! वर बसतो आयआरएलएम, म्हणजे लॉक सांभाळणारा. त्याला 'सिसएसटीसी' या खास वर्गात ठेवायची शिफारस आहे आणि तो वर्ग आपण लिहिलेल्या सगळ्या वचनांच्याही वर असतो. त्याचं काम चिमूटभर, पण सगळे त्याच्यासाठी थांबतात. होस्टेलच्या पाण्याची मोटर चालू करणाऱ्या मामांना मेसच्या रांगेत शेवटी उभं करून बघा. ज्यांची भाजी आधी वाढून झाली तेही कोरडेच राहतील.

दुसरा गैरसमज असा, की डीबी-२ ला वर ठेवलं की क्वेरी आपोआप पळतात. तसं नाही. एसक्यूएल चालतं ते बोलावणाऱ्याच्या प्रायॉरिटीने. बॅच जॉबमधली क्वेरी बॅचच्या पायरीवर, आणि नेटवर्कवरून आलेलीला तिची स्वतःची पायरी लागते. ती पायरी कुणी लिहिलीच नसेल, तर काम जातं 'सिसऑदर' नावाच्या वर्गात, म्हणजे उरलंसुरलं मिळेल त्यावर गुजराण. मशीन मोकळं असताना हे कुणाच्या लक्षातही येत नाही. महिनाअखेर आली की तीच क्वेरी लटकते. आणि लटकताना तिच्या हातात एखादं लॉक असलं, तर एक नंबरचं ट्रॅन्झॅक्शनसुद्धा तिच्यामागे ताटकळतं. यालाच प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेला पाथफाइंडर पुन्हा पुन्हा रीसेट होत होता तो याच दुखण्याने. २००७ च्या झेड-ओएस १.९ मध्ये अशा अडकलेल्या कामांना अधूनमधून सीपीयूचा एखादा घोट पाजायची सोय आली. पण तो घोटच; नियम लिहायचा राहिला होता, हे त्याने बदलत नाही.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती आळशी पॉलिसीची, जिच्यात सगळ्यांना महत्त्व १. प्रत्येक डिपार्टमेंट म्हणतं आमचं अर्जंट, आणि वाईटपणा नको म्हणून लिहिणारा मान डोलावतो. मग सिस्टिमने काढून घ्यायचं कुणाकडून? थांबायला तयार असलेलं काम हीच तर तिची शिल्लक असते. रात्री केव्हाही झालं तरी चालणारा रिपोर्ट तळाच्या 'डिस्क्रिशनरी' वर्गात टाकण्यात त्या रिपोर्टचा काही अपमान नाही. फक्त तो ज्यांना हवाय त्यांना आधी विचारलेलं असावं. फाजील वचनांचंही तेच. अर्ध्या सेकंदात जे होणारच नाही ते अर्ध्या सेकंदाचं लिहिलं, तर मदत करूनही फरक पडत नाही हे बघून वर्कलोड मॅनेजर काही काळ त्या वर्गाचा नाद सोडतो आणि पुढच्याकडे वळतो. मला तर हा माणसांपेक्षा शहाणा वाटतो.

आमच्या सरांना एक विनंती आहे. ओएसच्या सबमिशनमध्ये पुढच्या टर्मपासून एक असाइनमेंट अशी द्या: एक बँक, एक डेटाबेस, पाच प्रकारची कामं, आणि प्रायॉरिटीचा एकही आकडा नाही. कुणाला किती वेळात उत्तर मिळायला हवं आणि तोवर कुणी थांबायचं, हे मुलांनी लिहावं आणि व्हायव्हात त्याचं कारण सांगावं. मेनफ्रेम लागणार नाही, जर्नलची दोन पानं पुरतील. फक्त ही असाइनमेंट मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवता येणार नाही, म्हणून होस्टेलवाल्यांची आधीच माफी मागतो.