क्रीडांगण ही चैन नव्हे

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली आणि दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल क्रिकेटचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. हा योगायोग लोकांच्या लक्षात राहिला. परंतु त्यातून काढला गेलेला बोध मात्र चुकीचा होता. खेळ ही ज्यांच्याकडे पाणी, पैसा आणि मोकळा वेळ आहे त्यांची चैन होय, मराठवाड्यासारख्या तहानलेल्या मुलखाने तिच्या वाटेस जाऊ नये, हा मुळातच रुजलेला समज त्यामुळे अधिक घट्ट झाला. वास्तविक न्यायालयाचा रोख हिरवळीवर ओतल्या जाणाऱ्या पाण्यावर होता, खेळावर नव्हता. आणि मराठवाड्याचे जे खेळ आहेत त्यांना हिरवळ लागतच नाही. कबड्डीचे मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असते, म्हणजे ते सव्वा गुंठ्याहून किंचित मोठ्या जागेत बसते. खो-खोला सव्वाचार गुंठे पुरतात. कुस्तीला तांबड्या मातीचा हौदा, तीत मुरविलेले ताक, तेल, हळद आणि एक जाणता वस्ताद एवढे भांडवल पुरेसे होते. इतक्या अल्प खर्चात इतक्या मुलांना काही देणारी दुसरी सार्वजनिक गुंतवणूक शोधूनही सापडणार नाही.

तरीही लातूर आणि नांदेड या दोन शहरांत गेल्या तीन दशकांत जी वाढ झाली ती मैदानांची नव्हे, शिकवणी वर्गांची. 'लातूर पॅटर्न'ने खेड्यातील मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांची दारे उघडून दिली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. दोन एकर कोरडवाहू जमिनीचा मालक मुलाला वर्गात घालण्यासाठी कर्ज काढतो, तेव्हा तो अविचार करीत नाही. घराण्याची दशा पालटू शकणारा तोच एक मार्ग त्याला दिसत असतो. परंतु जागा मोजक्या आणि उमेदवार असंख्य, अशी ही बाजारपेठ आहे. ज्यांचा क्रमांक लागत नाही त्यांचे काय, आणि ज्यांची पावले त्या वर्गाच्या पायरीपर्यंतही पोहोचत नाहीत त्यांचे काय, या प्रश्नांची उत्तरे त्या पॅटर्नमध्ये नाहीत. कंधार, मुखेड, अहमदपूर, जळकोट या भागांतील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि शालेय क्रीडास्पर्धा ऐन रंगात येतात त्याच वेळी त्यांची मुले शाळेच्या पटावर नावापुरती उरतात.

या मुलांची खेळाची भूक मेलेली नाही. पहाटे कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेर पडावे. महामार्गाच्या कडेने धावणारी तरुण मुले-मुली दिसतात. पोलीस भरतीची सोळाशे आणि आठशे मीटरची धाव त्यांना पार करावयाची असते. मालमोटारींच्या दिव्यांच्या झोतात, प्रशिक्षकाविना, डांबरावर गुडघे झिजवीत ही मंडळी सराव करतात. क्रीडांगण ज्याला चैन वाटते त्याने हे दृश्य एकदा पाहावे. त्या तरुणांच्या दृष्टीने मैदान हा भाकरीचा प्रश्न आहे.

मराठवाड्याच्या मातीत गुण नाही असे तर कोणी म्हणू शकणार नाही. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे कै. हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली लातूरलाच भरलेल्या अधिवेशनात महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढे रुस्तुम-ए-हिंद म्हणून देशभर गाजले. परंतु त्यांना घडविले कोल्हापूरच्या तालमीने आणि त्यांनी स्वतः शिष्य घडविले ते पुण्यात. त्यांच्या हाताखाली तयार झालेला बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे याने २०१८ साली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. तोही पुण्याला जाऊनच. मूळचे लातूरचे काका पवार यांचे कुस्ती संकुलही पुण्यातच आहे. मुखेड तालुक्यातील भाग्यश्री जाधव २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये भारताचा ध्वज घेऊन चालल्या. त्यांनाही गोळाफेकीची वाट पुण्यातच सापडली. कच्चा माल येथला आणि कारखाना दुसरीकडे, ही मागास प्रदेशाची जुनी कहाणी आहे. कापसाची झाली तीच मल्लांचीही झाली.

या नियमाला एक अपवाद आहे, आणि तोच अधिक बोलका आहे. लातूरच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील सारिका काळे हिच्या घरी दोन वेळच्या जेवणाची भ्रांत होती. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय खो-खो संघाचे नेतृत्व तिने केले आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तिला गाव सोडून मोठ्या शहराचा आसरा घ्यावा लागला नाही. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मैदान आणि त्या मैदानावर नित्यनेमाने येणारा चंद्रजित जाधव यांच्यासारखा मार्गदर्शक, या दोन गोष्टी तिला गावातच लाभल्या. बिराजदारांना जे परगावी शोधावे लागले ते तिला स्वतःच्या गावी मिळाले. सारा फरक एवढाच आहे.

तथापि पदक हे क्रीडांगणाचे खरे समर्थन नव्हे. हजारांत एखादी सारिका निघते. शिकवणी वर्गाचा जो दोष तोच पदकांच्या हिशेबातही आहे. मैदानाचे मोल उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांना काय मिळते यावरून ठरवावयाचे. वेळेवर येणे, हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहणे, पंचाचा निर्णय मनाविरुद्ध गेला तरी मानणे आणि ज्याच्याशी घरोबा नाही त्याच्यावर खेळात विसंबून राहणे, हे शिक्षण कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही, पण आयुष्यभर उपयोगी पडते.

यातील शेवटच्या गोष्टीची मराठवाड्याला विशेष गरज आहे. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात संमत झाला तेव्हा नांदेड आणि परभणी जिल्ह्यांतील दलित वस्त्यांवर जे गुदरले ते विसरता येण्यासारखे नाही. नामविस्तार होण्यास १९९४ साल उजाडावे लागले. २०२३ पासून आरक्षणाच्या प्रश्नावरून गावोगावी मराठा आणि इतर मागासवर्गीय यांच्यात जी कटुता आली, तीही त्याच पारावर, त्याच हॉटेलात रोज अनुभवास येते. अशा गावांत कबड्डीचा अर्थ निराळा होतो. कबड्डी हा स्पर्शाचा खेळ आहे. चढाईवर आलेल्याने प्रतिपक्षाला शिवावयाचे आणि बचाव करणाऱ्यांनी हातात हात गुंफून, साखळी करून त्याला कवेत घ्यावयाचे. शिवाशिवीवर शतकानुशतके उभ्या असलेल्या समाजात शिवणे हाच ज्याचा नियम असा खेळ मुलांच्या हाती असावा, ही सामान्य गोष्ट नव्हे. २०२० च्या जानेवारीत बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत एकाच तालमीतील दोघांत झाली. जिंकलेल्या नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरने हरलेल्या लातूरच्या शैलेश शेळकेला खांद्यावर उचलून घेतले. एका मातीत घाम गाळल्याने जे नाते जुळते ते निकालाने तुटत नाही, हे त्या क्षणी सर्वांनी पाहिले.

अर्थात, खेळ आपोआप माणसे जोडतो, ही समजूतही भाबडी आहे. पळवणकर बाळू हे आपल्या काळातील थोर गोलंदाज. मैदानावर त्यांच्या हातातील चेंडू सर्वांना चालत असे, पण पुण्यात विश्रांतीच्या वेळी त्यांचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात दिला जाई. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना १९२३ साली मिळाले, तेही बराच वाद झाल्यानंतर. आजही गावातल्या क्रिकेट स्पर्धेत प्रत्येक वस्तीचा संघ वेगळा आणि एखाद्या पुढाऱ्याच्या नावाचा चषक त्यावर टांगलेला, असेच चित्र पुष्कळदा दिसते. असे मैदान गावाच्या फुटीचा नकाशा तेवढा पुन्हा काढते. चहाचे भांडे एक झाल्याशिवाय संघ एक झाला असे म्हणता येत नाही.

म्हणून उपाय नेमके हवेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण आवश्यक मानले आहे, आणि उच्च प्राथमिक शाळेत शंभराहून अधिक मुले असल्यास आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकाची तरतूदही आहे. ही तरतूद कागदावरून मैदानात उतरवावी. तालुका क्रीडा संकुलांवर विटा-सिमेंटचा खर्च करताना प्रशिक्षकाच्या वेतनाची सोय आधी करावी. वस्तादावाचून तालीम म्हणजे नुसती खोली. गावपातळीवरील स्पर्धेत संघ वस्तीवार न करता चिठ्ठ्या टाकून करावेत आणि जेवणाची पंगत एकच असावी. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी जी हंगामी वसतिगृहे चालतात, तेथे सायंकाळचा एक तास खेळासाठी राखून ठेवावा. मुलींसाठी मैदान घराजवळ आणि उजेडाची सोय असलेले हवे, अन्यथा ते त्यांच्यासाठी नसल्यातच जमा. यांपैकी कोणत्याही गोष्टीला फार मोठा पैसा लागत नाही. लागतो तो चिकाटीचा माणूस, आणि गावागावांतील शिक्षकांत तो आजही सापडतो. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली पावसात फुटक्या बादलीला लाथा मारणारी झोपडपट्टीतील मुले पाहिली आणि त्यांच्या हाती चेंडू दिला. झोपडपट्टी फुटबॉलची सारी चळवळ तेथून उभी राहिली.

नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही कुस्त्यांचा फड रंगतो आणि भटक्या-विमुक्तांपासून बागायतदारांपर्यंत सारा मुलूख त्याच्याभोवती दाटीने उभा राहतो. दोन मल्ल मातीत उतरले की निदान तेवढा वेळ कोणाच्या शेजारी कोण उभा आहे, हे कोणी पाहत नाही. यात्रा वर्षातून एकदा येते आणि उठते. गावातले क्रीडांगण मात्र बारमाही असते, आणि त्याचे मूल्य त्या बारमाहीपणातच आहे. ज्या प्रदेशाने आपल्या मुलांना परीक्षेत उत्तीर्ण होण्याची विद्या शिकविली, त्याने आता त्यांना एकत्र खेळण्यासाठी सव्वा गुंठा जमीन आणि एक वस्ताद द्यावा, ही मागणी मुळीच अवास्तव नाही.