टारफुल्याचा हिशोब मातीत मांडा

खरीप ज्वारी गुडघ्याला लागते. जमिनीत ओल असूनही भर दुपारी पाने मान टाकतात, वाढ खुंटते, शेंडे पिवळे पडतात. शेतकरी विचारायला आला की आपल्यापैकी बरेच जण युरियाचा हप्ता किंवा सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी सुचवून मोकळे होतात. पुढे ताटांच्या बुडाशी टारफुला वर येतो, त्याला बारीक पांढरी फुले लागतात आणि खरे कारण कळते. तोवर पिकाचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. या तणाचे बरेचसे नुकसान जमिनीखाली, ते डोळ्यांना दिसण्याआधीच होते. म्हणून संशय येताच दोन-चार ताटे मुळांसकट हलक्या हाताने खणून काढा, मुळे पाण्यात धुवा आणि त्यांना चिकटलेले पांढरट कोंब शोधा. हे निदान कोणत्याही प्रयोगशाळेवाचून होते.

टारफुल्याचे एक झाड हजारोंनी बी टाकते. हे बी धुळीच्या कणाएवढे असते आणि मातीत दहा वर्षे, कधी त्याहून अधिक काळ जिवंत राहते. एक-दोन आठवडे ओल मिळाल्यावर ते उगवायला तयार होते, पण मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्याचा सुगावा लागल्याशिवाय उगवत नाही. उगवल्यावर काही दिवसांत यजमान मूळ सापडले नाही, तर मरते. त्याची सगळी ताकद यात आहे आणि दुबळेपणाही यातच आहे.

असे एक द्रव्य, स्ट्रिगॉल, १९६६ साली प्रथम वेगळे केले गेले ते कापसाच्या मुळांतून. कापसावर टारफुला जगत नाही, पण कापसाच्या मुळांमुळे त्याचे बी फसून उगवते आणि मरते. भुईमूग आणि सोयाबीनही असेच सापळा पीक म्हणून उपयोगी पडतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या जुन्या ज्वारी-कापूस फेरपालटीला शास्त्राचा हा आधार आहे. नत्र आणि स्फुरद कमी पडले की ज्वारीची मुळे असे संकेत अधिक सोडतात, त्यामुळे हलक्या, उपाशी जमिनीत टारफुला माजतो. तेव्हा खताचा सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे.

कडधान्यांतली अमरवेल नेमकी उलट्या वाटेने जाते. तिला उगवायला मुळाचा संकेत लागत नाही. ती उडीद, मूग, लसूणघास यांच्या खोडांना विळखा घालते, मात्र ज्वारी-बाजरीसारख्या तृणधान्यांवर सहसा टिकत नाही. म्हणजे तृणधान्य आणि कडधान्य यांची फेरपालट दोन्ही शत्रूंची उपासमार करते. लहान शेतकऱ्याला परवडणारे याहून स्वस्त औषध नाही. अपवाद ध्यानात ठेवावा: पश्चिम आफ्रिकेत टारफुल्याच्या कुळातलीच एक जात चवळीवर वाढते. बाहेरची शिफारस उचलताना जात आणि यजमान पीक तपासलेच पाहिजे.

तणनाशकाबाबतही सबुरी हवी. २,४-डी वर आलेला टारफुला मारते, पण ज्वारीत तूर किंवा मूग असेल तर आंतरपीकही जाते, आणि वाऱ्याने शेजारच्या कापसावर गेलेला फवारा नवे भांडण उभे करतो. केनियात टारफुल्याविरुद्ध डेस्मोडियम आणि नेपियर गवताची ‘पुश-पुल’ पद्धत रुजली, कारण तिथे पावसाची साथ आहे आणि दुभत्या जनावरांना त्या चाऱ्याची गरज आहे. एका पावसावरच्या, उन्हाळ्यात मोकाट गुरांना खुल्या शिवारात ती जशीच्या तशी चालणार नाही. प्रतिकारक वाण मात्र जरूर मागा. याच कामाबद्दल गेबिसा एजेटा यांना २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण वाण एकटा पुरत नाही, कारण मातीतले जुने बी तो संपवत नाही.

अमेरिकेतल्या कॅरोलिना राज्यांत १९५६ मध्ये टारफुला सापडला. तिथे शेतांवर बंधने आली, मातीत इथिलीन वायू सोडून बी फसवून उगवायला लावले गेले, वर्षानुवर्षे पाहणी चालली. क्षेत्र जवळजवळ संपत आले, पण त्याला अनेक दशके लागली. तो वायू आपल्या शेतकऱ्याला मिळणार नाही. चिकाटी मात्र उसनी घेता येते.

आपला सल्ला हंगामापुरता असतो आणि बी दशकभर टिकते, इथेच गणित चुकते. टारफुला फुलण्याआधी उपटला तरच उपयोग. बोंडे धरल्यावर उपटून बांधावर टाकला, तर बी पावसाच्या पाण्याने खालच्या शेतात जाते. गुरांनी खाल्ला, तर शेणखतातून परत येते. एकट्याने उपटून भागत नाही, वरच्या बांधाचा शेतकरीही सोबत हवा.

म्हणून वाचकांना विनंती. आपल्या कार्यक्षेत्रातले एक गाव निवडा. टारफुला किंवा अमरवेल असलेली शेते गट क्रमांकानुसार वहीत उतरवा. प्रत्येक शेतासाठी तीन वर्षांची फेरपालट शेतकऱ्यासोबत बसून ठरवा, फुलोऱ्याआधीची उपटणी एकाच आठवड्यात सगळ्या शिवारात होईल असे पाहा आणि उपटलेले तण जाळायला लावा. बियाणे बाधित शेतातून घेऊ देऊ नका. तीन हंगामांच्या नोंदी आमच्याकडे पाठवा. जे फसले तेही लिहा. त्या नोंदी या मासिकात छापू.