गोळी, पिशवी आणि खाडा

माजलगावला सिंदफणेवर धरण आहे, कालवे आहेत, परिसरात साखर कारखाने आहेत. तरीही दसरा सरला की तालुक्यातील टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या ऊसफडांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेल्या जोडप्याला तेथे ‘कोयता’ म्हणतात. दोघांपैकी एकाने जरी एक दिवस काम चुकविले तरी खाडा पडतो, आणि त्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो. पाचशे रुपयांच्या खाड्याची तक्रार बीडच्या स्त्रियांनी आजवर अनेकांपुढे मांडली आहे.

पाळीच्या दिवसांना या हिशेबात रकाना नाही. फडावर ना पाणी ना आडोसा. डोक्यावर मात्र मोळी. म्हणून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आल्या. नॉरएथिस्टेरॉन हे त्यांतील नेहमीचे औषध. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे काम ते कृत्रिमरीत्या करते, त्यामुळे गोळी चालू असेतो रक्तस्राव थांबतो. तज्ज्ञाने तपासून चार-आठ दिवसांसाठी दिलेली गोळी ही एक गोष्ट. दुकानातून पाकीट आणून हंगामभर घेतलेली गोळी ही सर्वस्वी निराळी. मळमळ, डोकेदुखी, अवेळी रक्तस्राव हे तिचे परिचित त्रास होत. रक्तात गुठळी होण्याचा धोका विरळा, पण जिवावरचा. हे त्या स्त्रीला सांगणारा दुकानाच्या फळीमागे कोणी नसतो.

गोळीने भागले नाही की पिशवी काढली जाते. २०१९ साली गवगवा झाल्यावर शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहा जणींमागे एक. देशभरातील प्रमाण त्या सुमारास शंभरात तीनच्या आसपास होते. कित्येकींचे वय चाळिशीच्या आत होते. पांढरे जाणे, पोटदुखी, अनियमित पाळी एवढ्यावरून कर्करोगाचे भय घालून शस्त्रक्रिया केल्याच्या तक्रारी झाल्या.

‘बायांनी स्वतःहून काढून घेतल्या, सक्ती कोणी केली?’ असा सवाल साखरधंद्याचे कैवारी करतात. खाड्याचा दंड ही सक्ती नव्हे, तर दुसरे काय आहे?

पिशवीबरोबर अंडाशयेही काढली गेली, तर इस्ट्रोजेन हे संप्रेरक जवळजवळ एका दिवसात आटते. निसर्ग जे पंचेचाळीस-पन्नाशीला हळूहळू करतो, ते तिशीतील देहावर एकाएकी कोसळते. अंगाची लाही होते, झोप उडते, हाडे ठिसूळ होत जातात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशये राखली तरी ती लवकर थकण्याचा संभव उरतोच. अशा स्त्रीला एरवीच्या पाळी जाण्याच्या वयापर्यंत, प्रकृतीस वर्ज्य नसेल तर, पूरक संप्रेरके द्यावीत असे वैद्यकशास्त्र सांगते. ती देणे दूरच. आपली अंडाशये राखली की काढली, हेही अनेकींना ठाऊक नसते. कंबर धरते, हात चालत नाही, आणि मुकादम म्हणतो, कोयता ढिला पडला.

वंध्यत्वावरील उपचारांत याच अंडाशयांना संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एका वेळी अनेक बीजे पिकविली जातात. त्यातही अंडाशये सुजून पोटात पाणी साचण्याचा धोका असतो. तेथे २०२१ च्या कायद्याने निदान काही मर्यादा घातली. बीजदात्री स्त्रीने आयुष्यात एकदाच दान करावे, सातांहून अधिक बीजे घेऊ नयेत, तिचा बारा महिन्यांचा विमा उतरवावा. दवाखान्यांनी हे किती पाळले हा प्रश्न वेगळा. पण ज्या अंडाशयाचे बीज दुसऱ्याच्या कामी येते त्याला विम्याचे संरक्षण, आणि जे फक्त ऊसतोडणीच्या आड येते ते काढून टाकण्याजोगे, हा न्याय कोणता?

अशा प्रश्नांवर लढे झालेले आहेत. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या तीव्र मात्रेच्या औषधांवर १९८२ साली बंदी येताच कंपन्या न्यायालयात गेल्या. स्त्री-संघटना व आरोग्य कार्यकर्ते मागे हटले नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, जाहीर सुनावण्या झाल्या आणि १९८८ साली बंदी कायम झाली.

माजलगावच्या कार्यकर्त्यांनी येत्या हंगामाआधी, टोळ्या गावात असतानाच, शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक स्त्रीचे कागद दवाखान्याकडून मागून घ्यावेत आणि अंडाशये राखली की नाही हे त्यांवर लेखी मिळवावे. ग्रामीण रुग्णालयात त्यांच्या हाडांची तपासणी व पुढील औषधोपचार विनामूल्य व्हावेत, हे निवेदन जिल्हा शल्यचिकित्सकांना द्यावे. पाळीच्या दिवसांचा खाडा रद्द करण्याची मागणी मात्र मुकादमापाशी करण्यात अर्थ नाही. ती कारखान्याच्या दारात, गळीत सुरू होण्यापूर्वी झाली पाहिजे.