पत्ता कोणाचा द्यायचा?

आमच्या वस्तीतील एक ताई घरी मसाला करून विकतात. पाकिटावर पत्ता मात्र भावाच्या फ्लॅटचा! का, तर वस्तीचे नाव वाचून गिऱ्हाईक बिचकते. परवा बँकेचे पत्र भावाकडे महिनाभर पडून राहिले. कर्जाची मुदत हुकली.

भगिनींनो, माल जिथे तयार होतो तोच पत्ता द्या. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार पाकिटावर उत्पादकाचे नाव-पत्ता लागतो. अन्न सुरक्षेची नोंदणीही माल बनतो त्याच जागेची असते. जीएसटी नोंदणी करायची झाल्यास, घर सासऱ्यांच्या नावे असेल तर त्यांचे संमतिपत्र व लाईट बिल जोडा. भाड्याचे असेल तर करारपत्र. उद्यम नोंदणी मोफत आहे, एजंटाला पैसे देऊ नका.

ताईंनी आता नवी पाकिटे छापली आहेत. वस्तीच्या नावासह. मसाला पूर्वीइतकाच खपतो.