गोळीचा खाडा नको

हंगाम सुरू झाला की शिवारात टोळ्या येतात आणि फडाफडांत कोयते चालू लागतात. तोड, वजन, उतारा यांची चर्चा आपण रोजच करतो. आज मात्र सभासद बंधू-भगिनींशी एका निराळ्या खाड्याविषयी बोलावे, असे आम्हांस वाटते.

एचआयव्हीची लागण झालेल्या माणसाला रोज औषध घ्यावे लागते, तेही जन्मभर. सरकारी दवाखान्यांतून ते मोफत देण्यास १ एप्रिल २००४ रोजी सुरुवात झाली. आता बहुतेक प्रौढांना तीन औषधांची मिळून दिवसाला एकच गोळी पुरते. ती नेमाने घेतली तर विषाणू इतका दबतो की तपासणीत सापडत नाही, आणि मग शरीरसंबंधातून जोडीदारालाही लागण होत नाही. पण मध्येच सोडली तर? अर्धवट फवारणीने कीड मरत नाही, उलट औषधाला सरावते, हे आपण जाणतोच. इथेही तेच घडते.

मग लोक गोळी का चुकवतात? केवळ विसरभोळेपणा म्हणून मोकळे होऊ नये. दवाखाना लांब, जाण्यायेण्यात अख्खा दिवस मोडतो. तोडकऱ्याची मजुरी बुडते, वर खाड्याचा दंड. कोपीत चार माणसांदेखत डबी उघडायची चोरी! आणि हे दुखणे तोडकऱ्यांचेच, असा समज कोणी करून घेऊ नये. आपल्या पक्क्या घरांतही गोळ्या लपवून ठेवणारी माणसे आहेत.

कोणी म्हणेल, कोयता थांबला तर फड मागे पडतो. खरे आहे. पण औषध तुटून टीबीने माणूस अंथरुणाला खिळला, तर किती दिवस जातील याचाही हिशेब मांडावा.

टोळी गाव सोडतानाच मुकादमाने सर्वांना सांगावे की, ज्याचे जे औषध चालू असेल त्याने दवाखान्यात कळवूनच निघावे. एआरटी केंद्रातून प्रकृती स्थिर असलेल्यास काही महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात, नाहीतर जवळच्या केंद्रात नाव बदलून घेता येते. माहितीसाठी १०९७ हा मोफत फोन आहे. कोणाचा आजार खोदून विचारू नये, कळला तर चावडीवर नेऊ नये. या आजारापायी कामावरून भेदभाव करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे.

दवाखान्याच्या दिवसाचा खाडा धरू नये, अशी अट तोडणीच्या करारात घालावी. तसा ठराव वार्षिक सभेत सभासदांनीच मांडावा, ही आमची आग्रहाची विनंती.