थकवा की आजार?

डबल ड्युटी, लोकलची गर्दी, घरी पाणी भरणे, माणूस थकणारच. पण कामाचा थकवा आणि डिप्रेशन एक नव्हे, हे आम्ही बंधुभगिनींना आवर्जून सांगतो. कामाने पिचलेल्याचे मन कामावरून उडते. रजा मिळाली, की तो मुलांत रमतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली याला आजार न म्हणता कामातून येणारी अवस्था म्हटले. डिप्रेशनमध्ये सुट्टीच्या दिवशीही कशात गोडी वाटत नाही. झोप, भूक बिघडते, आपण कुचकामी आहोत असे वाटते. हे दोन आठवडे टिकले तर डॉक्टरकडे न्या. मरणाचे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबू नका. १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. अशा माणसाला आळशी मात्र म्हणू नका.